विपुलच्या नावाचा रोट

१

कानबाईचे गहू मालूबाईनं मोजायचे आणि ते बरोबर भरायचे, यावर शनवारा मोहल्ल्यातल्या त्या घरात कधी वाद झाला नव्हता. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी घरात बसते. त्याआधीच्या गुरुवारी मालूबाई न्हाऊन, ओल्या केसांनी ओट्याखालचा डबा ओढायची, तिची सून कोकिळा सूप धरायची, आणि घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात पडायचे. नाव घ्यायचं, मूठ टाकायची, वर पाव मूठ. बायकांची नावं का घेत नाहीत, असं कोकिळेनं लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात विचारलं होतं. तेव्हापासून सूप तिच्या हातात आहे.

त्या गव्हाचं पीठ, आणि त्या पिठाचे रोट, नावागणिक एक. रोट म्हणजे जाडजूड मोठी पोळी, खिरीबरोबर खायची. ती फक्त घरच्यांनी खायची. बाहेरचा माणूस कितीही जवळचा असो, तुकडाही मिळत नाही. यात कुणाला वाईट वाटत नाही, कारण ज्याच्या-त्याच्या घरी ज्याचा-त्याचा रोट असतो.

विपुल त्या गुरुवारी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसून बूट काढत होता. बहादरपूरच्या रस्त्यावर केळीच्या चिप्सचा एक कारखाना आहे, तिथं तो माल तपासायचा. पट्ट्यावरून चकत्या जात. जळकी, दुमडलेली, दोन चिकटलेल्या, दिसली की बाजूला काढायची. हैदराबादला नऊ वर्षं त्यानं औषधाच्या गोळ्यांचं हेच केलं होतं. लग्नही तिथंच झालं आणि तिथंच मोडलं. मे महिन्यात तो दोन बॅगा घेऊन घरी आला तेव्हा कुणी काही विचारलं नाही. त्या न विचारण्याचं त्याला इतकं बरं वाटलं, की आता इथून हलायचं नाही असं त्यानं ठरवून टाकलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तो कानबाईला घरी होता.

"भिकन," मालूबाई म्हणाली. मूठ पडली. "रमेश. अनिकेत. सागर." भिकन आणि रमेश तिची मुलं, अनिकेत आणि सागर नातू. रमेश सागरला घेऊन रविवारी धूलकोटहून येणार होता. "विपुल."

काकूच्या तोंडून आपलं नाव ऐकून विपुल खुश झाला. मग तिचा हात पुन्हा डब्यात गेला.

"विपुल," ती म्हणाली, आणि सहावी मूठ पडली.

"काकू, माझं दोनदा झालं."

"नाई रे. बराबर हाय."

"पाचच जण आहोत ना आपण?"

मालूबाईनं डब्याचं झाकण दाबून बसवलं. "चाळीस वर्षं झाली, मीच मोजून ऱ्हायली. तू जा, चाय घे."

कोकिळा सुपाकडे बघत होती. विपुलची आई सुमन बाजूला गवार मोडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. सत्तरी उलटलेली बाई, एखादी मूठ इकडची तिकडे व्हायचीच, असं म्हणत विपुल वर गेला.

२

वर म्हणजे पहिला मजला. खाली मालूबाई, भिकन, कोकिळा आणि अनिकेत. वर सुमन आणि विपुल. वरच्या तीन खोल्या बाबांनी नोकरीत असताना बांधल्या, आणि चार वर्षांपूर्वी त्यातल्या मधल्या खोलीत ते गेले.

गेले तेव्हा विपुल हैदराबादला होता. कंपनीत तपासणी लागली होती, मोठे साहेब आले होते, रजा मिळाली नाही. म्हणजे त्यानं मागितली, पण आवाज न चढवता मागितली. तो तिसऱ्या दिवशी पोचला, राख सावडायला. अग्नी कुणी दिला हे त्यानं विचारलं नाही. भिकननंच दिला असणार.

मेमध्ये परत आला त्याच आठवड्यात समोरच्या भांड्यांच्या दुकानातले कडूभाऊ त्याला हाताला धरून म्हणाले, "विपुलभाऊ, तुमच्यासारखा पोरगा नही देखा मैंने. बाबांच्या टाइमाला दवाखान्याच्या बाकड्यावर झोपत होते तुम्ही. मी डबा आणला होता, तर अर्धा मलाच खाऊ घातला."

तो भिकन होता, असं विपुलच्या ओठांवर आलं होतं. पण कडूभाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं, रस्त्यावर चार माणसं होती, आणि इतकं चांगलं त्याच्याबद्दल बऱ्याच वर्षांत कुणी बोललं नव्हतं. त्यानं मान हलवली.

एकदा हलवलेली मान परत सरळ करता येत नाही. पुढं आईच्या मोतीबिंदूचं निघालं: रोज चार वेळा डोळ्यांत औषध घातलं म्हणे विपुलनं, घड्याळ लावून. मग गच्ची गळत होती त्याचं निघालं. दूधवाली बाई म्हणाली, पोटचा असावा तर असा. प्रत्येक वेळी विपुलनं मान हलवली. दुसऱ्याच्या ताटातलं होतं, पण गोड लागत होतं.

गुरुवारी रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला पहिल्यांदा वाटलं, की भिकनला हे सगळं कसं चालतं? भिकन साध्या पाण्याच्या मोटारीवरून भांडणारा माणूस. स्वतःचं श्रेय असं कुणाला खाऊ देईल?

३

शुक्रवारी तो साडेसहाला घरी आला, हातपाय धुऊन स्वयंपाकघरात बसला. आईनं चहा दिला. दीड चमचा साखर, आलं ठेचून, तो लहानपणापासून घ्यायचा तसा. बोलणं कमीच व्हायचं, पण ते बरंही वाटायचं.

सात वाजता खालच्या फाटकाची कडी वाजली. कुणीतरी जिना चढू लागलं. चप्पल ओढत नाही, ठेवत चढणारं पाऊल. मधल्या वळणावर नळ आहे, तिथं पाऊल थांबलं. नळ सुटला, पायांवर पाणी पडल्याचा आवाज आला, नळ बंद झाला. तीन महिने हा आवाज विपुल रोज ऐकत होता आणि रोज त्याला वाटायचं, भिकन.

आज तो ऐकत बसला. भिकन वर कशाला येईल? त्याचं न्हाणीघर खाली आहे.

पाऊल उरलेल्या पायऱ्या चढलं आणि पुढच्या खोलीकडे गेलं, विपुलच्या खोलीकडे. आईनं गॅसवर दुसऱ्यांदा चहाचं आधण ठेवलं. तिनं आलं ठेचलं. दीड चमचा साखर घातली.

"कोणासाठी?" विपुलनं विचारलं.

आई जराशी गोंधळली. त्याच्याकडे बघितलं, त्याच्यासमोरच्या रिकाम्या कपाकडे बघितलं. "तू प्यायला का? मला वाटलं आत्ता आला."

"मी मघाच आलो, आई."

"हाव का," ती म्हणाली, आणि गॅस मात्र बंद केला नाही.

विपुल उठून पुढच्या खोलीत गेला. कुणी नव्हतं. पंखा चालू होता. तो आपणच चालू ठेवला असेल. पलंगाच्या कडेला फरशीवर दोन ओली पावलं होती, शेजारी शेजारी, बसलेल्या माणसाची असतात तशी. आपणही मघा पाय धुतलेच की, असं त्यानं स्वतःला समजावलं. ते खरंही होतं. फक्त त्याला धुऊन अर्धा तास झाला होता, आणि पाणी अजून ओघळत होतं.

आई चहा घेऊन आली, पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवून गेली. विपुल दारात उभा होता, त्याला वळसा घालून गेली. नंतर त्यानं तो चहा स्वतःच पिऊन टाकला. फुकट कशाला घालवायचा.

४

शनिवारी सकाळी भिकन ओसरीत बसून कानबाईच्या पाटाला रंग देत होता. विपुल त्याच्या शेजारी उकिडवा बसला.

"दादा, मी नव्हतो तेव्हा माझ्या नावाचा रोट करायचे का?"

"मंग? तुझी मूठ बंद करायची होती का? मेलेल्याची करतात बंद." भिकननं ब्रश बुडवला. "काका होते तोवर पाट मांडायचे सहा. तुझ्या पाटासमोर ताट वाढायचं. सुमनकाकू स्वतः वाढायची. पहिल्या साली तसंच ऱ्हायलं ते, मग तापीत सोडलं."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या साली..." भिकन ब्रश निथळवत राहिला. "पुढच्या साली संपलं."

"कुणी संपवलं?"

"यार, आता ज्याच्या नावाचं होतं त्यानंच संपवलं असेल ना. तू पण काय सुबह सुबह. ग्रुपवर फोटो टाकतो ना मी दरसाल. तू तर हात जोडतो त्याला."

ते खरं होतं. घरच्या ग्रुपवर दर श्रावणात फोटो यायचे आणि विपुल जोडलेले हात पाठवायचा. मोठा करून एकही बघितला नव्हता. कामाच्या गडबडीत कोण बघतो.

आता त्यानं जिन्यात बसून एकेक शोधला. पहिल्या वर्षी बाबा धरून पाच पुरुष ओळीत, सहावा पाट रिकामा, ताट भरलेलं. दुसऱ्या वर्षी पाट रिकामा, ताटही रिकामं, कडेला खिरीचं बोट ओढलेलं. तिसऱ्या वर्षी रमेशच्या गुडघ्यापलीकडे आणखी एक गुडघा होता. चौथ्या वर्षी एक हात. मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा उमटलेला, आणि घड्याळ नाही. विपुलचं घड्याळ तेव्हा हैदराबादला त्याच्या हातात होतं.

बाबा गेले त्या वर्षी फोटो नव्हता. त्यानंतरच्या वर्षी पाट पाचच होते, आणि पाचही भरलेले होते. शेवटचा माणूस ताटावर वाकला होता. डोकं, ओला भांग आणि मान. मानेवर डावीकडे तीळ. विपुलचा हात आपोआप मानेवर गेला. त्याखाली त्यानं स्वतः पाठवलेले जोडलेले हात होते आणि शेजारी वेळ, दुपारी एक वाजून बारा मिनिटं.

गेल्या वर्षीचा फोटो त्यानं उघडला नाही. त्यात तोंड वर असेल अशी त्याला भीती वाटली.

फोटो जुने असतील. तारखा चुकल्या असतील. तो दोन-तीनदा घरी येऊन गेला होता, तेव्हाचा एखादा. पट्ट्यावरची जळकी चकती ओळखायला डोकं लागत नाही, डोळे पुरतात. आणि विपुलचे डोळे चांगले होते. त्यानं फोन खिशात घातला.

५

"आई, बाबांना अग्नी कुणी दिला?"

सुमन दुपारी दळणाचे गहू पुसत होती. मालूबाईच्या सहा मुठी आणि वरचा प्रसाद करायला वेगळे दोन किलो, असे दोन डबे होते.

"तूच तं दिला," ती म्हणाली.

"मी तिसऱ्या दिवशी आलो."

"तू आला ना तिसऱ्या दिवशी. हाव." तिला दोन्ही गोष्टी एकत्र ठेवण्यात काही अडचण दिसली नाही. "पण घर काय तीन दिवस थांबतं का? डोळ्यांत औषध चार वेळा लागायचं. बाबा रात्री उठायचे. मी एकटी काय करणार होती?" फडक्यानं गहू पुसता पुसता ती थांबली. "मी तुला फोनवर सांगत नव्हती. तू म्हणायचा, आई मीटिंगमध्ये आहे. तर मी ठेवून द्यायची. आणि सात वाजता तू यायचाच."

"तो मी नव्हतो, आई."

सुमननं फडकं बाजूला ठेवून त्याच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. "असं नको बोलू," ती म्हणाली. "त्यानं लई केलं."

विपुल गव्हाच्या डब्यांकडे बघू लागला. भीती होतीच, पण तिच्याखाली साधा हेवा होता, आणि हे त्यानं स्वतःशी कबूलही केलं. हे घर, ही आई, दीड चमचा साखरेचा हा चहा त्याचा होता. त्याला ते परत हवं होतं, वाटणी न करता.

कानबाईचं दळण गिरणीवर न्यायचं काम त्यानं आपण होऊन घेतलं. गाडी शनवारा दरवाज्यापाशी थांबवली. डब्याचं झाकण उघडलं आणि एक मूठ काढली, वर पाव. मालूबाई काढते तशीच, मोजून. मग नाव घेऊन टाकतात तसं नाव घेऊन टाकावं की काय, असा प्रश्न त्याला पडला. त्यानं घेतलं नाही. मूठ कबुतरांच्या दाण्यात टाकली. कबुतरं आली, त्यांनी खाल्लं. या घरात एकच विपुल आहे, एकच मूठ असली पाहिजे. चूक होती, ती दुरुस्त केली. गिरणीवर पोचेपर्यंत त्याला हलकं वाटू लागलं.

त्या संध्याकाळी सात वाजता फाटकाची कडी वाजली नाही. आईनं आधण ठेवलं, वाट पाहिली, आणि गॅस बंद केला. विपुल तिच्यासमोरच बसला होता.

६

रविवारी रोट थापताना मालूबाईनं पीठ मुठींनी मोजलं आणि दोनदा मोजलं.

"एकाचं कमी हाय," ती म्हणाली.

"तुम्हीच तं मोजले होते गहू," कोकिळा म्हणाली.

"हाव." मालूबाईनं हात परातीच्या कडेला निपटला. "मंग घरातलंच एक कमी झालं असंल." आणि तिनं पाच रोट थापले.

विपुल दारातून ऐकत होता. पाच. सगळं ठीक झालं होतं. रात्री कानबाई जागवली, गाणी झाली, त्यानं आरतीला ताट धरलं. सोमवारी सकाळी वाजतगाजत कानबाई तापीवर नेली. गुडघाभर पाण्यात उभा राहून त्यानं नमस्कार केला, वर आला, आणि फोन वाजला. कारखान्यातून होता. एका खेपेत जळका माल सापडला होता, कुठली पाकिटं थांबवायची ते विचारत होते. "दादा, तुम्ही व्हा पुढं, मी आलोच," तो भिकनला म्हणाला. भिकननं हात केला. विपुल घाटाच्या पायरीवर पंधरा-वीस मिनिटं बोलत राहिला.

घरी आला तेव्हा फाटक उघडं होतं. ओसरीत पुरुषांच्या चपला होत्या. सवयीनं त्यानं मोजल्या. पाच जोड. त्यानं आपली काढली, सहावी.

आत जेवणं चालू होती. पाच पाट ओळीत, दाराकडे पाठ. भिकन, रमेश, अनिकेत, सागर, आणि कडेच्या पाटावर निळ्या चौकडीचा सदरा. तो सदरा विपुलनं सकाळी पलंगावर काढून ठेवला होता. केस ओले होते. मान ताटावर वाकलेली होती, आणि रोट मोडल्याचा तो कुरकुरीत आवाज आला.

"अरे," विपुल म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. कडेच्यानं पाहिलं नाही, तो जेवत राहिला. मालूबाई हातातलं खिरीचं पातेलं ठेवून पुढं आली. ओळख नसलेल्या पण सणाच्या दिवशी दारात आलेल्या माणसाशी बोलतात तशी ती बोलली, मायेनं.

"या ना भाऊ, बसा. खुर्ची दे ग कोकिळा. राग नका मानू, रोट बाहेरच्याला चालत नाही. चाय घ्या."

विपुलनं तोंड उघडलं. मी विपुल, असं म्हणायचं होतं. पण पुरावा काय द्यायचा, ते त्याला सुचेना. दवाखान्याचं बाकडं आठवून बघितलं. ते त्याचं नव्हतं. डोळ्यांतलं औषध, गच्ची, बाबांचा अग्नी, काहीच त्याचं नव्हतं. नऊ वर्षांतलं त्याचं असं जे होतं, ते जोडलेले हात होते आणि मीटिंगमध्ये आहे असं सांगणारे फोन. ते या घरात कुणाला सांगून काय ओळख पटणार? आणि शनिवारी ती मूठ टाकताना त्यानं कुणाचं नाव घेतलं नव्हतं. कबुतरांनी कुणाची खाल्ली, हे त्यानं ठरवलंच नव्हतं.

तो खुर्चीवर बसला.

आई आतून आली. हातात पाहुण्यांचा कप होता, बशीसह. तिचा पदर नीट होता, चेहरा सणाचा होता, आणि ती त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघतात तितकंच बघत होती, तोंडाकडे न बघता.

"साखर किती घेता तुम्ही?" तिनं विचारलं.

कडेच्या पाटावरचा घास मोडायचा थांबला. तोही ऐकत होता.

"दीड चमचा," विपुल म्हणाला.

"आमच्या विपुलसारखीच," ती म्हणाली, आणि आत जाऊन मोजून दीड चमचा घालून आणली.